शाळा कुणाच्या हाती सोपवणार?

जून महिन्याचा दुसरा पंधरवडा. पावसाने ओढ दिलेली असते, पेरण्यांची घाई असते, आणि अशातच एका दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकसभा भरते. सव्वाशे मुलांच्या शाळेत पालक जमतात पंचवीस-तीस. त्यातही बहुतेक माता, मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या. पुढच्या खुर्च्यांवर चार-पाच पुरुष, ज्यांपैकी दोघांची मुले या शाळेत नाहीतच. मुख्याध्यापक प्रास्ताविक करतात, ‘शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपली आहे, नवे सदस्य निवडायचे आहेत’ असे सांगतात. तोच पुढच्या खुर्चीवरून एक घडी केलेला कागद त्यांच्या हाती येतो. ‘गुरुजी, नावे ठरली आहेत, वाचून दाखवा.’ नावे वाचली जातात, टाळ्या वाजतात, चहा येतो. मागच्या रांगेतील एखादी माता धीर करून विचारते, ‘सर, माझं लेकरू चौथीत आहे, पण त्याला धड वाचता येत नाही, त्याचं काय?’ त्यावर उत्तर मिळते, ‘ताई, तो विषय आज नाही.’

निवडणूक बिनविरोध झाल्याबद्दल गावाचे अभिनंदन होते. वस्तुतः निवडणूक झालेलीच नसते. शाळेचा कारभार पुढील दोन वर्षे कुणाच्या हाती राहणार याचा निर्णय आदल्या रात्री कुणाच्या तरी ओट्यावर झालेला असतो, आणि तो करणाऱ्यांनी एकदाही असा प्रश्न विचारलेला नसतो की, या माणसाला मुलांच्या शिक्षणाची काही आस्था आहे काय?

विधानसभेची उमेदवारी कुणाला मिळाली यावर आपण आठवडाभर चर्चा करतो. नगरपालिकेच्या प्रभागात कोण उभा आहे, त्याचे आजोबा कोणत्या पक्षात होते, इथपर्यंत आपणांस ठाऊक असते. परंतु आपल्या वस्तीतील शाळेच्या समितीवर कोण आहे, असे विचारले तर शंभरांतील किती सुशिक्षितांना उत्तर देता येईल? ज्या समाजाला स्वतःची शाळा कोण चालवतो हे माहीत नाही, त्याने राष्ट्राच्या भवितव्याविषयी व्याख्याने ऐकण्यात फारसा अर्थ नाही. हे कटू आहे, पण ते स्वतःलाच ऐकवण्याची वेळ आली आहे.

पद लहान, जबाबदारी मोठी

प्रथम या समितीचे स्वरूप समजून घेऊ. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये संसदेने संमत केला व १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमान्वये शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत. निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे ही समिती बारा ते सोळा जणांची असते, दर दोन वर्षांनी नव्याने घडते आणि तिचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. पालकांव्यतिरिक्तच्या जागांवर स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली स्थानिक व्यक्ती येऊ शकते. समितीची बैठक दरमहा व्हावी, अशी अपेक्षा आहे.

या समितीने करायचे काय? शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवायची, शाळेचा विकास आराखडा तयार करायचा आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ते पाहायचे. ही तीनही कामे कायद्याने सांगितलेली आहेत. अनुदानित खासगी व अल्पसंख्याक शाळांत या समितीची भूमिका २०१२ च्या दुरुस्तीने केवळ सल्लागाराची झाली. परंतु जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या शाळांत तिचे अधिकार कायम आहेत.

‘एवढ्याशा शाळेत देखरेख ती कशाची?’ असे म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. पहिली ते पाचवीच्या, १२० मुलांच्या एका साध्या शाळेचे उदाहरण घेऊ. समग्र शिक्षा योजनेत १०१ ते २५० पटाच्या शाळेसाठी वार्षिक संयुक्त शाळा अनुदानाचा दर ५० हजार रुपयांचा आहे. गणवेशासाठी प्रत्येक मुलामागे ६०० रुपये धरले, तर ७२ हजार रुपये होतात. प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे दररोज शंभर ग्रॅम धान्य पोषण आहारासाठी येते. म्हणजे १२० मुलांचे दिवसाला बारा किलो आणि कायद्याने सांगितलेल्या २०० शालेय दिवसांचे चोवीस क्विंटल. एका लहान शाळेच्या दारातून वर्षाकाठी चोवीस क्विंटल धान्य आत येते. ते मोजून घेणारा कोण, शिजवलेले चाखून पाहणारा कोण, नोंदवहीतील हजेरी आणि पंगतीतील मुले यांचा मेळ घालणारा कोण? हे काम समितीचे आहे. कायद्याने ते तुमच्या-आमच्यासारख्या आईबापांवर सोपवलेले आहे.

आणि हे सारे बाजूला ठेवले तरी या सर्वांहून मोलाची गोष्ट उरतेच. त्या शाळेतले मूल वाचायला शिकते की नाही, हे पाहण्याचा अधिकारही याच समितीचा आहे.

इतिहासाने दिलेला इशारा

शिक्षणाचा कारभार लोकांच्या हाती असावा, ही कल्पना आपल्याकडे परदेशातून काल-परवा आलेली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. तरीही १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता तसा कायदा झालाच. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्या स्वाधीन झाला आणि त्यासाठी स्कूल बोर्डे स्थापन झाली. परक्या सत्तेच्या अमलाखाली असलेल्या समाजाला स्वतःच्या मुलांच्या शाळा स्वतः चालवण्याची संधी मिळाली होती.

त्या संधीचे काय झाले? अनेक ठिकाणी चांगली माणसे बोर्डावर गेली व त्यांनी निष्ठेने काम केले, हे मान्य केलेच पाहिजे. पण पुष्कळ ठिकाणी शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या हेच बोर्डाचे मुख्य काम होऊन बसले. निवडणुकीत कुणी कुणाला मदत केली यावर मास्तरांची बदली ठरू लागली. अखेर १९३८ मध्ये, बाळासाहेब खेर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर असताना, कायद्यात दुरुस्ती करून शासनाने कारभारावरील आपले नियंत्रण वाढवले आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. लोकांना दिलेले अधिकार लोकांच्याच प्रतिनिधींच्या शासनाने परत घेतले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

ग्रामीण भागात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शहरांत नगरपालिका व महानगरपालिकांची शिक्षण मंडळे चालू राहिली. त्यांचे सदस्य नगरसेवक निवडत. ज्यांना नगरसेवकपदाची उमेदवारी देता आली नाही, त्यांची समजूत काढण्याची जागा म्हणजे शिक्षण मंडळ, अशी त्यांची ख्याती होऊन बसली. सहलीचा ठेका, बाकांची खरेदी, गणवेशाचे कापड, याच कारणांनी मंडळांची नावे वर्तमानपत्रांत झळकत. परिणाम काय झाला? २०१३ मध्ये राज्य शासनाने ही मंडळे मोडीत काढण्याचा निर्णय घेतला, आणि त्यांच्यासाठी फारसे कुणी अश्रू ढाळले नाहीत.

अगदी अलीकडचे उदाहरण गणवेशाचे. पूर्वी शाळा व्यवस्थापन समित्या गणवेश खरेदी करीत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून ती व्यवस्था मध्यवर्ती केली. गणवेश उशिरा आले. जे आले, ते कित्येक मुलांच्या अंगाला बसेनात. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने आपला निर्णय फिरवला आणि खरेदीचा अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला. मुंबईत बसून मुलाच्या खांद्याचे माप घेता येत नाही, एवढे तरी या प्रकरणाने सिद्ध केले.

या शंभर वर्षांच्या अनुभवातून एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते. लोकांना अधिकार मिळतो, लोक तो नालायक हातांत सोपवतात, नालायक हात त्याची माती करतात, आणि ‘पाहा, लोकांना कारभार जमत नाही’ असे म्हणून तो अधिकार काढून घेतला जातो. गणवेशाचा अधिकार या वेळी परत मिळाला आहे. तो टिकेल की जाईल, हे मंत्रालयात ठरणार नाही. ते जूनमधल्या त्या पालकसभेत ठरणार आहे.

हे निकष टाकून द्या

समितीवर माणसे निवडताना आज कोणते निकष लावले जातात? त्यांची एकेक करून परीक्षा घेऊ.

पहिला निकष भावकीचा व जातीचा. ‘मागच्या वेळी त्यांच्या वाड्याला अध्यक्षपद दिले, या वेळी आमच्या वाड्याला.’ जणू शाळा म्हणजे वाटणीची जमीन. कायद्याने वंचित घटकांना प्रतिनिधित्व दिले आहे ते यासाठी की, ज्याचे मूल मागे राहण्याचा धोका सर्वाधिक आहे, त्याचा शब्द समितीत पोहोचावा. ते योग्यच आहे आणि ते प्रामाणिकपणे पाळले पाहिजे. ज्या सभेत वस्तीवरच्या मजुराला निरोपच जात नाही आणि मग कागदावर त्याचा अंगठा घेतला जातो, तिथे कायदा आणि धर्म दोहोंचाही अवमान होतो. समरसतेची भाषा व्यासपीठावर बोलायची आणि शाळेच्या समितीत मात्र वाड्यांचे हिशेब करायचे, हे चालणार नाही.

दुसरा निकष पक्षाचा. ग्रामपंचायतीत ज्यांची सत्ता, त्यांचीच समिती. सत्ता बदलली की समितीही बदलली पाहिजे. मग मुख्याध्यापक कुणाच्या गटाचा, स्वयंपाकीण कुणाच्या नात्यातली, याच्या चर्चा होतात. मुलांना मिळणारी खिचडी कोणत्या पक्षाची आहे, हे मात्र मुलांना कळत नाही. ती पातळ आहे एवढेच कळते.

तिसरा निकष पैशाचा. ‘ते मोठे माणूस आहेत, शाळेला रंग देतील, संगणक देतील.’ दानशूर माणसांचा आदर अवश्य करावा. त्यांचा सत्कार करावा, त्यांचे नाव फलकावर लिहावे. पण दाता आणि देखरेख करणारा ही दोन वेगळी कामे आहेत. ज्याच्या उपकाराखाली शाळा आहे, त्याला हिशेब कोण विचारणार? आणि तो दाता जर बांधकामाचा ठेकेदारही असेल, तर गळक्या छताची तक्रार त्याच्याकडे कोण नेणार?

चौथा निकष सांगताना लेखणी थोडी जड होते, कारण तो आपल्यापैकी अनेकांचा आहे. ‘आपल्या विचाराचा माणूस आहे, त्याला घ्या.’ कार्यकर्त्यांनो, यावर शांतपणे विचार करा. विचार चांगला असणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्याने दोन वर्षांत समितीच्या दोन बैठकांनाही हजेरी लावली नाही, ज्याला आपल्या शाळेतील किती मुलांना वाचता येते हे ठाऊक नाही, त्याचा विचार त्या मुलांच्या कोणत्या उपयोगाचा? विचार मनात असतो, तो दिसतो कामात. आपल्या परिचयाचा नसलेला, आपल्या कार्यक्रमांना न येणारा, कदाचित आपल्या विरोधात मत देणारा एखादा पालक जर रोज दुपारी शाळेत जाऊन मुलांच्या ताटात डोकावत असेल, तर त्या पदावर अधिकार त्याचा आहे. त्याला निवडून देण्यात आपला पराभव नाही. उलट आपला निष्क्रिय माणूस तिथे बसवला, तर तो आपल्या विचाराचा पराभव आहे, कारण लोक विचाराची परीक्षा माणसावरून करतात.

पाचवा प्रकार निकष म्हणावा असाही नाही, ती केवळ पळवाट आहे. महिलांच्या जागेवर ‘वहिनींचे’ नाव द्यायचे आणि बैठकीला दादांनी यायचे. सही तिची, शब्द त्याचा. आईला आपल्या मुलाच्या शाळेविषयी काही सांगायचे नसते, असा समज कुणी करून दिला? मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या त्या मातेनेच तर सभेतला एकमेव खरा प्रश्न विचारला होता.

मध्यमवर्गाची पळवाट

यावर कुणी म्हणेल, ‘आमची मुले या शाळांत नाहीत. आमचा काय संबंध?’ हा युक्तिवाद सोसायटीच्या गच्चीवर उभे राहून खालच्या आगीकडे पाहणाऱ्याचा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील एक-दोन पिढ्या मागचा माणूस नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या शाळेतच शिकला. त्या शाळेने त्याला अक्षर दिले, त्या अक्षराने नोकरी दिली, नोकरीने घर दिले, आणि घर झाल्यावर आपण त्या शाळेकडे पाठ फिरवली. मराठी शाळा ओस पडत आहेत म्हणून आपण हळहळतो. कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा आपण निषेधाची पत्रके काढली. पण पट कमी का झाला, याचे उत्तर शोधण्यासाठी किती जण त्या शाळेत गेले? पालक आपले मूल एखाद्या शाळेतून काढतो, तेव्हा बहुधा त्या शाळेवरचा विश्वास आधीच उडालेला असतो. आणि विश्वास उडतो तो त्या शाळेकडे कुणी लक्ष देत नाही, हे दिसल्यामुळे.

ज्यांची मुले शाळेत नाहीत त्यांना पालक म्हणून समितीवर जाता येणार नाही, हे खरे. जाऊही नये. परंतु शिक्षणाची जाण असलेल्या स्थानिक व्यक्तीसाठी तिथे वाव ठेवलेला आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी, घरी शिकवण्या घेणारी गृहिणी, यांची तिथे फार गरज आहे. पदाविनाही पुष्कळ करता येते. समितीवर निवडून आलेल्या पण कागद वाचण्याची सवय नसलेल्या मातेला अनुदानाचा हिशेब कसा वाचायचा हे समजावून सांगणे, ही एका रविवारची सेवा आहे. घरकाम करणाऱ्या ताईंचे मूल कोणत्या शाळेत जाते आणि त्या शाळेत पालकसभा कधी आहे, हे विचारून त्या दिवशी त्यांना दोन तासांची रजा देणे, हीसुद्धा सेवाच आहे.

आणि ज्यांची मुले खासगी शाळांत आहेत, त्यांनी स्वतःला सुटले असे समजू नये. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळेतही पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आहे, आणि शाळेने प्रस्तावित केलेले शुल्क त्याच्या कार्यकारी समितीपुढे यावे लागते. शुल्क वाढले की भ्रमणध्वनीवरील गटात संतापाचे संदेश धो-धो वाहतात. पण त्या समितीसाठी नाव द्या म्हटले की सर्वांना अचानक कार्यालयीन कामे आठवतात.

मग कुणाला निवडावे?

टीका पुरे. पर्याय सांगितला पाहिजे. पुढच्या पालकसभेत ज्याचे नाव सुचवले जाईल, त्याला सर्वांसमक्ष, नम्रपणे पाच प्रश्न विचारा.

एक, तुमचे मूल याच शाळेत शिकते काय, आणि दोन वर्षांत ते इथेच राहणार आहे काय? ज्याने स्वतःचे मूल शेजारच्या गावातील इंग्रजी शाळेत घालण्याची तयारी केली आहे, त्याला या शाळेच्या उद्याची चिंता कशाला असेल?

दोन, महिन्यातून एक बैठक आणि आठवड्यातून एक तास शाळेसाठी द्याल काय? वेळ नसणे हा गुन्हा नाही. वेळ नसताना पद अडवून बसणे हा मात्र आहे.

तीन, शाळेला माल पुरवणारा, बांधकाम करणारा, किंवा शाळेतून वेतन घेणारा कुणी तुमच्या घरातला आहे काय? असेल तर त्याने स्वतःहून बाजूला व्हावे. यात त्याच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. एकाच माणसाने मोजायचे आणि त्यानेच विकायचे, असे आपण किराणा दुकानातही चालू देत नाही.

चार, समितीचा जमाखर्च शाळेच्या फलकावर लावाल काय? किती रुपये आले, कशावर खर्चले, किती उरले, एवढे तीन आकडे. ज्याला हे लिहायला संकोच वाटतो, त्याला मत देताना आपल्यालाही संकोच वाटला पाहिजे.

पाच, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. मुलांना वाचता येते की नाही, हे तुम्ही कसे पाहाल? याला पंडित असावे लागत नाही. दुसरीच्या पुस्तकातील एक उतारा पाचवीच्या मुलापुढे ठेवा आणि त्याला वाचायला सांगा. ‘असर’च्या पाहणीत हीच साधी कसोटी वर्षानुवर्षे वापरली जाते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, असे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ योजनेद्वारे २०२६-२७ सालापर्यंतसाठी ठरवले. त्या मुदतीत आपल्या गावातील किती मुले तिथवर पोहोचली? समितीच्या प्रत्येक सदस्याला हा आकडा तोंडपाठ असला पाहिजे.

या पाच प्रश्नांची नीट उत्तरे देणारा माणूस कोणत्या वाड्याचा, कोणत्या पक्षाचा, कोणत्या विचाराचा आहे हे विचारण्याची मग आवश्यकताच उरत नाही. आणि ज्यांना उत्तरे देता येत नाहीत, त्यांची नावे असलेला तो घडी केलेला कागद तसाच घडी करून परत द्यावा. दोन नावे आली, तर चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यावे. बिनविरोध निवडीचा अट्टहास धरू नये. मुलांच्या हितासाठी झालेला मतभेद गावाची शोभा घालवत नाही.

‘अधिकार आहेतच कुठे?’

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. ‘समितीला खरे अधिकार नाहीत. शिक्षकांची नेमणूक शासन करणार, पाठ्यपुस्तक बालभारती काढणार, इमारतीचा पैसा वरून येणार. मग समिती करणार काय?’

यात तथ्य आहे. शिक्षकाची रिक्त जागा समिती भरू शकत नाही. पण जागा रिक्त आहे, हे दर महिन्याच्या इतिवृत्तात लिहून वर पाठवू शकते, आणि लेखी मागणी व तोंडी कुरकुर यांत फार अंतर असते. शासनाच्या वार्षिक नियोजनात आपल्या शाळेची गरज जावी म्हणून तर विकास आराखडा असतो. तो आराखडा मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवून काढला जात असेल, तर दोष अधिकारांच्या अभावाचा म्हणता येणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेचेही तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची दुर्दैवी घटना उघडकीस आल्यावर साऱ्या राज्यात संताप उसळला. शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापण्याचा शासन निर्णय मात्र मार्च २०२२ चा होता. कागद आधीच होता. तो जागा ठेवणारी माणसे कमी पडली.

आणि जिथे माणसे कमी पडली नाहीत, तिथे काय घडते? पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील जालिंदरनगर हे एक छोटेसे गाव. तिथली जिल्हा परिषदेची शाळा २०२५ मध्ये जगातील उत्कृष्ट शाळांसाठीच्या स्पर्धेत समाजाच्या सहभागाच्या गटात पहिल्या दहांत पोहोचली. कायदा तोच, शासन तेच, अनुदानाचे दर तेच. फरक पडला तो शिक्षक आणि ग्रामस्थ यांनी शाळा आपली मानल्यामुळे.

शेवटी प्रश्न तुमचाच

समाजपरिवर्तनाची मोठी स्वप्ने आपण पाहतो. ती पाहावीतच. पण समाज बदलतो तो अशा लहान, अनाकर्षक, छायाचित्र न छापून येणाऱ्या जागांवर योग्य माणूस बसल्याने. शाळा व्यवस्थापन समितीला मानधन नाही, लाल दिवा नाही, हारतुरे नाहीत. म्हणूनच तिथे कोण जातो आणि आपण कुणाला पाठवतो, यावरून आपली खरी परीक्षा होते.

पुढच्या जूनमध्ये तुमच्या गावात, तुमच्या प्रभागात पालकसभा भरेल. तिची तारीख आजच विचारून ठेवा. तुमचे मूल त्या शाळेत असेल तर स्वतः जा, पत्नीलाही बरोबर न्या आणि तिला पुढच्या रांगेत बसवा. मूल त्या शाळेत नसेल, तर ज्यांचे आहे अशा दोन घरांना त्या सभेचे महत्त्व सांगा. आणि सभेत एखादी माता उठून ‘माझ्या लेकराला वाचता येत नाही’ असे म्हणाली, तर ‘तो विषय आज नाही’ असे तिला कुणी सांगू धजणार नाही, एवढी व्यवस्था करा. त्या सभेचा विषय तोच आहे. दुसरा विषयच नाही.